आरोंद्याला गेलेला माणूस

पुतणीच्या लग्नाची पत्रिका सावंतवाडीच्या एका पोराने मोबाइलवर पाठवली. गणपती, दोन कलश, सोनेरी नक्षी आणि खाली मेसेज : "काका, एकदा बघून ओके द्या, मग प्रिंटला टाकतो." मी ती मोठ्याने वाचत होतो, कारण आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. पंच्याऐंशी पार केली तिने. पण आमंत्रकांच्या नावांचा क्रम ती डोळे मिटून तपासते. कोण कोणाच्या आधी, कुणाला 'श्री.' आणि कुणाला 'कै.', निमंत्रणात आजोळचं नाव आलं की राहिलं. एका ठिकाणी तिने हरकत घेतली, ती रास्त होती. मग पाय लांब करत म्हणाली, "आमच्या वेळाक पत्रिका आधी पणजेक जाय. पाकल्यान शिक्को मारल्यार मगे छापूची." पाकले म्हणजे पोर्तुगीज. पोरं हसली. एकीने विचारलं, लग्नाच्या पत्रिकेत सेन्सॉर करायला असतं काय? आत्या म्हणाली, "भाऊक विचार."

भाऊंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

हे मी कुठे कुठे वाचलेलं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत गोव्यात छापील कागद म्हटला की तो सेन्सॉरच्या हातून जायचा, वर्तमानपत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळा. पण वाचणं वेगळं आणि आपल्या आत्याची पत्रिका तशी गेली होती हे कळणं वेगळं. मला तो पणजीतला मराठी जाणणारा कारकून दिसायला लागला. वैशाखात त्याच्या टेबलावर केवढा ढीग पडत असेल! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे त्याने किती वेळा वाचलं असेल! त्यात राजद्रोह कुठे दडला असेल म्हणून तो शोधत असेल? मला वाटतं, शोधायचं काही नव्हतंच. मुलीचं नाव छापण्याआधी बापाने एकदा सायबाची आठवण काढावी, एवढ्यासाठीच तो खटाटोप असणार. शिक्का कागदावर बसायच्या आधीच तो माणसाच्या मनात उमटलेला असायचा.

भाऊ म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आत्याचे काका. पेडण्याकडच्या आमच्या गावात तेरेखोलच्या काठी घर. खाजगी शाळेत मुलांना मराठी शिकवायचे, आणि गावात कुठेही लग्न असलं की मंगलाष्टकं त्यांनीच रचायची. हल्ली ती पद्धत गेली. तेव्हा वधूवरांची आणि दोन्हीकडच्या कुळांची नावं गुंफून अष्टकं रचायची, ती गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची. १९५४ च्या वैशाखात घरातल्याच एका मुलीचं लग्न होतं. भाऊंनी शार्दूलविक्रीडितात लिहिलं, कागद पणजीला गेला, शिक्का घेऊन परत आला, छापला गेला. त्यातल्या एका श्लोकाचे चार चरण असे सुरू व्हायचे : जन्मोनी, यज्ञाच्या, हिंडोनी, दत्ताच्या. आत्याला पुढचं काही आठवत नाही, एवढेच चार शब्द आठवतात, आणि ते ती बोटांवर मोजून सांगते. ज, य, हिं, द.

'जय हिंद' म्हटलं म्हणून माणसं कोठडीत जात होती तेव्हा. आणि इथे ते शिक्का घेऊन छापलं गेलं होतं, वर अक्षता पडत होत्या.

मांडवात वरपक्षाकडच्या कुणा शिकलेल्या माणसाचं बोट त्या कागदावर वरून खाली सरकत गेलं आणि तो हसला. त्याने काही चुगली केली असं नाही. तो फक्त हसला, शेजाऱ्याने का म्हणून विचारलं, त्याने दाखवलं. जेवणावळ उठेपर्यंत ते हसू रेजिदोरच्या ओसरीवर पोचलं होतं. रेजिदोर म्हणजे पोर्तुगीज सरकारचा गावप्रमुख, पण गावचाच माणूस. संध्याकाळी मागच्या दाराने आला, पाटावर बसून त्याने लग्नाचा लाडू खाल्ला आणि म्हणाला, "फाल्यां माका शिपाय घेवन येवचा लागतला. तू आज हंय ऱ्हवू नको." म्हणून त्या रात्री भाऊ होडीत बसून आरोंद्याला गेले. एक पिशवी, वहाणा हातात, आणि आजीने घाईघाईत बांधून दिलेलं पंचपक्वान्नातलं उरलंसुरलं. आमच्या घरात आजही कुणी न सांगता निघालं की 'आरोंद्याक गेलो' म्हणतात. लहानपणी मला ते विनोदी वाटायचं.

आरोंदा म्हणजे काही काळं पाणी नव्हे. नदीच्या अलीकडे पेडणे, पलीकडे आरोंदा. १७८८ पर्यंत पेडणे महाल, म्हणजे तालुका, तोसुद्धा सावंतवाडीकरांचाच होता. मग तो पोर्तुगिजांकडे गेला आणि नदीला दोन वेगवेगळ्या देशांचे काठ आले. दोन्ही तीरांवर तीच माणसं, तेच देव, तीच बोली, जत्रेला तेच दशावतारी. (दशावताराची एक गंमत मला नेहमी वाटत आली आहे. त्याला लिखित संहिता नसते, रंगात उभं राहून नट आपल्या मनाने बोलतो. सेन्सॉरने शिक्का मारायचा तरी कशावर? पाकल्यांच्या काळात संकासूर काय काय बोलून गेला असेल, ते कुठल्या दप्तरात सापडणार नाही.) हद्दपार माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आगबोट येते, बर्फ येतं, परकी भाषा येते. भाऊंना आपल्या घराचे माड समोर दिसायचे. पावसाळ्याआधी घरावर माणसं चढून नळे, म्हणजे कौलं, परतू लागली की भाऊ पलीकडच्या काठावर येऊन उभे राहायचे आणि एकदा तर राहवलं नाही म्हणून ओरडले, "कोनातलो नळो निसटलो रे, पाणी आत येतलां!" पाण्यावरून आवाज लांब जातो. इकडच्या गड्यांनी ऐकलं, नळा बसवला, आणि वर मान न करता खाली उतरले. ओळख दाखवली असती तर ठाण्यावर जबाब द्यावा लागला असता. त्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात गळलं नाही, असं आत्या अभिमानाने सांगते.

एवढ्या जवळची हद्दपारी सोपी की कठीण, हे मला ठरवता येत नाही. ज्यांना लांब नेलं त्यांचं बघितलं की भाऊंची गोष्ट अगदीच घरगुती वाटते. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पॅरिसमध्ये शिकलेले, फ्रेंचमधून लिहिणारे. पोर्तुगीज राजवटीने गोंयकाराच्या मनाची काय नासाडी केली यावर त्यांनी १९४४ मध्ये पुस्तिका लिहिली. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत कुन्हा आग्वादच्या किल्ल्यात गेले. साध्या नागरिकाला लष्करी न्यायासनापुढे उभं केलं, आठ वर्षं ठोठावली आणि पोर्तुगालात पेनिशेच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही तिथे पोचले. पेनिशे हे अटलांटिकच्या काठावरचं कोळ्यांचं गाव, तारल्यांसाठी प्रसिद्ध. तिथे तारले डब्यांत भरण्याचे कारखाने होते. हे वाचल्यापासून मला आमच्या बाजारात पाटीभर तारले चकाकताना दिसले की तो किल्ला आठवतो. मे महिन्यात तिथेही वारा फिरला की मासळीचा वास गजांतून आत येत असेल. त्या वासाने माणसाला घरी आल्यासारखं होत असेल, की आणखी लांब फेकल्यासारखं?

भाऊंचा मासळीशी संबंध वेगळाच होता. आरोंद्यात राहून ते लिहीत. लेख, पत्रकं, कविता, मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर तिकडच्या नियतकालिकांना, आणि इकडे गावासाठी हाताने नकला करून. त्या नकला नदी ओलांडून यायच्या त्या मासे विकणाऱ्या बायकांच्या पाटीतून, तारल्यांच्या खाली केळीच्या पानात गुंडाळून. शिपाई पाटीत हात घालायला कंटाळायचे. आत्या सांगते, तो कागद चुलीजवळ धरून सुकवावा लागायचा, आणि वाचून झाला की त्याच चुलीत जायचा, कारण त्या वासाने मांजर माग काढत यायचं. भाऊंचा तेव्हाचा एकही कागद आज आमच्याकडे नाही. अक्षर अक्षर वाचलं गेलं आणि जाळलं गेलं. इतक्या भुकेने वाचणारे वाचक त्यांना पुन्हा कधी मिळाले नाहीत.

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्यात निःशस्त्र शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली, आणि त्यानंतर भारताने हद्द बंद केली. येणंजाणं थांबलं. मग आंबोलीच्या जंगलातून रेडिओ सुरू झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, ट्रकमध्ये बसवलेलं यंत्र, भोवती घाटातला पाऊस आणि जळवा. तिथून कोकणीतून आणि पोर्तुगिजमधून गोव्याला बातम्या. पुढे ते कॅसलरॉकला गेले आणि सहा वर्षं ते चाललं. आमच्याकडे तो रेडिओ घोंगडीत घालून ऐकत. या काळाबद्दल बोलताना आत्या मात्र एकदम दुसरीकडे वळते. बंदी असूनही काय काय यायचं! हॉलंडचे बटाटे, जपानचं सिमेंट, घड्याळं, सेंटच्या बाटल्या. "तेव्हा दारां उघडी टाकून निजत होतो. चोर म्हणून नाय." पत्रिकेवरच्या शिक्क्याचा राग आणि उघड्या दारांची हळहळ तिच्या तोंडून एका दमात येते. मी एकदा म्हटलं, अगं, चोर नव्हते कारण सगळे शिपाईच होते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. तिचं तारुण्य त्या काळात गेलं आहे, आणि ते मला राजवटीपासून सोडवून देता येत नाही.

१९ डिसेंबर १९६१. गोवा मुक्त झाला. ज्या नदीतून भाऊ रात्री चोरून गेले तिच्यातूनच ते भर दुपारी परत आले. धक्क्यावर माणसं जमली, हार घातले, आणि घरात शिरल्यावर भाऊंनी म्हणे आधी कोनातल्या नळ्याकडे बघितलं.

सगळेच तेव्हा परतले नाहीत, हे आपण विसरतो. कुन्हांना १९५० मध्ये सोडलं खरं, पण पोर्तुगालबाहेर पडू दिलं नाही; १९५३ मध्ये ते निसटून पॅरिसला आणि तिथून मुंबईला आले, आणि मुंबईतच १९५८ च्या सप्टेंबरात वारले. गोवा मुक्त झालेला त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानात आल्या त्या १९८६ मध्ये. शाळामास्तर मोहन रानडे तर मुक्तीनंतरही लिस्बनजवळ काशियासच्या तुरुंगात होते. कारण पोर्तुगालच्या कागदावर गोवा अजून त्यांचाच प्रांत होता, आणि तो तसा १९७४ पर्यंत राहिला. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जीव टाकला, तेव्हा कुठे ते १९६९ च्या जानेवारीत सुटले. ज्या गोष्टीसाठी माणूस आत गेला ती होऊन सात वर्षं उलटली होती.

पण माझ्या मनात घर करून आहे तो तेलो मास्कारेन्यश. मुरगावकडचा, कवी, पत्रकार, कोइंब्रात कायदा शिकलेला. रवींद्रनाथांना त्याने पोर्तुगिजमध्ये नेलं. गोव्याने उठावं म्हणून मुंबईहून त्याने पत्र काढलं तेही पोर्तुगिजमधून. १९५९ मध्ये पकडला गेला, पोर्तुगालात नेला गेला, सुटला १९७० मध्ये. सत्तरीचा माणूस गोव्यात परत आला तेव्हा पाकले जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांच्यामागून त्यांची भाषाही चालली होती. गावोगाव पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या मराठी शाळा, शहरात इंग्रजी. पोर्तुगीज दैनिक एक होतं, तेही पुढे १९८३ मध्ये इंग्रजी झालं. ज्या भाषेत सालाझारला तोंडावर सुनावलं ती वाचणारी माणसं म्हातारी होऊन एकेक करून जात होती. १९७६ मध्ये तेलोच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या इंग्रजीत. त्याने जन्मभर मागितलं ते सगळं त्याला मिळालं, आणि त्या मिळण्यातच त्याचा वाचक गेला. यात अन्याय कुणी केला असं म्हणता येत नाही, म्हणून ते जास्त लागतं. पोर्तुगीज शाळा चालू ठेवायला हव्या होत्या असं मीही म्हणणार नाही.

भाऊंची भाषा गेली नाही. उलट ती सरकारी शाळांत आली. तरी त्यांनी लिहिणं सोडलं. घरात याची वेगवेगळी कारणं सांगतात : वडिलांच्या मते संसार, आजीच्या मते दृष्ट. मला वाटतं, पहिली पाच वर्षं ते लिहीत असावेत, किंवा लिहायच्या बेतात असावेत, आणि मग जनमत कौल आला. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात जावा तर फुलावर शिक्का, वेगळा राहावा तर दोन पानांवर. पेडण्याने फूल उचललं, भाऊंनीही उचललं; मराठीसाठी नदी ओलांडलेला माणूस आणखी काय करणार? पण आरोंद्यात ज्यांच्याबरोबर एका खोलीत भात शिजवला, एकाच कंदिलाखाली नकला केल्या, त्यातले निम्मे दोन पानांकडे गेले. कोकणी ही भाषा की बोली, यावर सख्ख्या मित्रांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं. चौतीस हजार मतांनी पानं जिंकली. पाकल्यांविरुद्ध लिहिताना भाऊंना वाचणारा प्रत्येक माणूस आपला होता. आता काहीही लिहिलं तरी त्यातले निम्मे दुखावणार, आणि ते दुसऱ्या काठावर नव्हते, तिठ्यावर रोज भेटणारे होते. शिपायाला फसवणारा श्लोक रचता येतो. मित्राला न दुखावता खरं बोलणारा श्लोक कुठल्या वृत्तात बसवायचा? गावात तोवर त्यांना नाव पडलं होतं 'आरोंदेकर'. आरोंद्यात सात वर्षं ते 'गोंयकार' होते.

मग भाऊ अर्ज लिहायला लागले. १९६४ चा कूळ कायदा, पुढे १९७५ चा मुंडकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा; ज्याच्या त्याच्या घराखालच्या जमिनीचा प्रश्न, आणि मामलेदारापुढे मांडायचा तर कागद हवा. आमच्या ओसरीवर सकाळी चपला जमायच्या. मी लहान असताना ते बघितलं आहे : भाऊ गुडघ्यावर पाट घेऊन बसलेले, समोरचा माणूस सगळी रामकहाणी सांगतो, बापाने कुठला माड लावला, भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, कुठला तोडला, भाऊ ऐकून घेतात आणि चार ओळी लिहितात. त्या चार ओळींत फालतू शब्द नसायचा. 'अर्जदार सदर जागेत तीन पिढ्या नांदत असून' हे वाक्य ते उच्चारून बघायचे, मान हलवायचे, मग पुढे जायचे. एकदा मी विचारलं, अर्जात एवढं बघण्यासारखं काय आहे? "मामलेदार वाचतलो मा?" ते म्हणाले. त्यांचा अर्ज हातात पडला की पेडण्याच्या कचेरीतला एक अव्वल कारकून तो शेवटपर्यंत वाचायचा, हे ते फार समाधानाने सांगायचे. पाटीतल्या त्या नकलांनंतर त्यांना मिळालेला खात्रीचा वाचक हाच. त्या अर्जांवर कचेरीचा आवक-शिक्का बसायचा. त्याला भाऊ काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण म्हणायचे हसत.

१९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राची पेन्शन सुरू झाली, तेव्हा त्याचेही अर्ज भाऊंकडेच आले. कोण कधी पकडला गेला, किती दिवस आत होता, कुणी मार खाल्ला, सगळं त्यांनी नीट लिहून दिलं. आत्याचं म्हणणं, त्यातले दोघे तर पाकल्यांच्या ठाण्यावर कोंबड्या पोचवणारे. पण भाऊंनी त्यांच्याही अर्जात काना-मात्रेची चूक ठेवली नाही. स्वतःचा अर्ज मात्र लिहिला नाही. वडिलांनी पुष्कळ मागे लागून बघितलं, म्हणाले, तो रेजिदोर अजून जिवंत आहे, तो साक्ष देईल. भाऊ पाट बाजूला ठेवून तंबाखू मळत म्हणाले, "मी पेनिशेक जावंक नाय, आरोंद्याक गेलंलंय. आरोंद्याक जावच्याची पेन्शन मेळाक लागली, तर अख्खो पेडणा महाल रांगेत उभो ऱ्हवतलो, आणि तेंचे अर्ज लिवूचे कोणी?"